मनोऱ्याचा आवाज आणि रस्त्यावरचा ट्रक

२६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान धावपट्टी जवळजवळ संपत आली तेव्हा कसेबसे जमिनीपासून सुटले, आणि धावपट्टीच्या टोकापलीकडील रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या एका ट्रकवर आदळले. विमानाच्या डाव्या बाजूची चाके व डाव्या एंजिनाचा खालचा भाग ट्रकला जेथे लागला ती जागा रस्त्यापासून अवघी सात फूट उंच होती. तेथून पुढे ते विमान सुमारे तीन किलोमीटरवरील उच्च दाबाच्या विजेच्या तारांत सापडले व जमिनीवर कोसळले. विमानात एकूण ११८ माणसे होती. त्यांतील ५५ मृत्युमुखी पडली.

या अपघाताच्या चौकशीत दोन कारणे नोंदली गेली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास उशीर केला आणि ते उचलण्याची त्यांची पद्धतही चुकीची होती, हे पहिले. उड्डाणाच्या वेळी बीड रस्त्यावरील वाहतुकीचे नियमन करण्यात तत्कालीन राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हे दुसरे. लोकांच्या स्मरणात सहसा पहिले कारण राहते. कारण चूक करणारा माणूस डोळ्यांसमोर उभा करता येतो. दुसऱ्या कारणाला चेहरा नाही. तथापि आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराने अधिक विचार करावा असे दुसरेच कारण आहे. विमानतळाच्या मनोऱ्यातील नियंत्रक वैमानिकाशी बोलू शकत होता आणि वैमानिक त्याला उत्तर देऊ शकत होता. परंतु ज्या ट्रकशी विमानाची गाठ पडली, त्याच्या चालकाशी या दोघांपैकी कोणीही बोलू शकत नव्हते. सुरक्षिततेची साखळी विमानतळाच्या कुंपणाशी येऊन संपत होती. धोका मात्र कुंपणाशी थांबला नव्हता.

विमानाची सुरक्षितता म्हटले की सामान्य प्रवाशाच्या मनात एंजिने, पंख आणि वैमानिकाचे कौशल्य एवढ्याच गोष्टी येतात. वास्तविक पाहता नियंत्रण मनोरा असलेल्या प्रत्येक विमानतळावर ही सुरक्षितता बऱ्याच अंशी बोलण्यावर उभी असते. कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत बोलावे आणि ऐकणाऱ्याने त्याची पोच कशी द्यावी, याचे काटेकोर नियम जगभर ठरलेले आहेत. हे नियम कसे घडले आणि ते कोठवर पोहोचतात, हे समजून घेणे केवळ वैमानिकांच्या नव्हे, तर विमानतळाशेजारी राहणाऱ्या प्रत्येक शहराच्या हिताचे आहे.

एकेरी वाट

धावपट्टी ही एका अर्थी एकेरी लोहमार्गासारखी असते. एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. यासाठी रेल्वेने पूर्वी गोळ्याची पद्धत अवलंबिली होती. यंत्रातून निघालेला धातूचा गोळा हाती पडल्याखेरीज चालकाने स्थानक सोडायचे नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत यंत्र दुसरा देणार नाही, अशी ती व्यवस्था होती. त्यामुळे मार्ग मोकळा आहे या विधानाला हातात धरता येईल असा पुरावा मिळत असे. धावपट्टीवरही एका वेळी एकच विमान असावे लागते. परंतु ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने येणाऱ्या विमानाच्या हाती गोळा कोण देणार? तेथे गोळ्याचे काम शब्द करतो. नियंत्रकाने दिलेली परवानगी हाच तो गोळा होय.

मोठ्या विमानतळांवर हे काम अनेकांत वाटलेले असते. उभ्या विमानाला एंजिने सुरू करून धावपट्टीच्या तोंडापर्यंत नेण्याची परवानगी एक नियंत्रक देतो, धावपट्टीवर जाण्याची, उड्डाणाची व उतरण्याची दुसरा, आणि आसपासच्या आकाशातील मार्ग तिसरा आखून देतो. लहान विमानतळांवर यांपैकी एकाहून अधिक कामे एकाच माणसाकडे येऊ शकतात. प्रत्येक कामासाठी रेडिओची वेगळी कंपनसंख्या असते. वैमानिक एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे जाताना ती बदलतो आणि नव्या नियंत्रकाला आपले नाव, ठिकाण व हेतू थोडक्यात सांगतो. आपण कोणाशी बोलत आहोत, आपण कोण, कोठे आहोत आणि काय हवे आहे, हा बोलण्याचा ठरलेला क्रम आहे. सरकारी कचेरीतील अर्जाचाही क्रम हाच असतो, हे कारकुनी पेशातील वाचकांच्या चटकन ध्यानात येईल.

या रेडिओची एक मर्यादा आहे. एका कंपनसंख्येवर एका वेळी एकानेच बोलावे लागते. दोघे एकदम बोलू लागले तर ऐकणाऱ्याला शिट्टीसारखा कर्कश आवाज ऐकू येतो आणि दोघांचेही शब्द त्यात हरवू शकतात. म्हणून बटण दाबण्यापूर्वी क्षणभर ऐकावे, काय बोलायचे ते मनात जुळवावे, मगच बोलावे, असा दंडक आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांनुसार बोलण्याचा वेग मिनिटाला शंभर शब्दांहून अधिक नसावा. घाईच्या वेळी सावकाश बोलण्याची ही शिस्त ऐकण्यास विसंगत वाटेल. परंतु न समजलेला संदेश पुन्हा सांगावा लागला तर वेळ दुप्पट जातो, आणि चुकीचा समजला तर त्याची किंमत वेळेत मोजता येत नाही.

शब्दांची टांकसाळ

नाण्याचे मूल्य टांकसाळीने ठरवून दिलेले असते. बाजारात ज्याने त्याने ते आपल्या मनाने ठरवावयाचे नसते. विमान वाहतुकीत शब्दांचेही तसेच आहे. इंग्रजी अक्षरांचे उच्चार परस्परांत मिसळू नयेत म्हणून अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी २६ शब्दांची वर्णमाला १९५६ पासून रूढ आहे. आकडे सुटे सुटे सांगावयाचे, म्हणजे तेरा आणि तीस यांच्या इंग्रजी उच्चारांत घोटाळा होत नाही. नऊच्या इंग्रजी उच्चाराला शेवटी ‘नायनर’ असे शेपूट जोडलेले आहे, ते पाचाच्या उच्चाराशी तो मिसळू नये म्हणून.

प्रत्येक शब्दाला एकच अर्थ असतो. ‘रॉजर’ याचा अर्थ ‘तुमचे बोलणे पूर्ण ऐकले’ एवढाच आहे. ‘मान्य आहे’, ‘होय’ किंवा ‘तसे करतो’ असा त्याचा अर्थ नाही. ‘तसे करतो’ असे सांगण्यासाठी ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे. संकटात ‘मेडे’ हा शब्द तीन वेळा उच्चारावा, तातडी आहे पण प्राण तत्काळ संकटात नाहीत अशा वेळी ‘पॅन पॅन’ म्हणावे, असे ठरलेले आहे. हा भेद किती जिवावरचा असतो ते २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ दिसून आले. आव्हियांका या कोलंबियन कंपनीचे विमान गर्दीमुळे दीर्घकाळ घिरट्या घालत ठेवले गेले होते. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी सांगितले, प्राधान्यही मागितले. परंतु संकटाची ठरलेली घोषणा त्यांनी केली नाही. नियंत्रकांनी त्या शब्दांना नेहमीच्या विनंतीइतकेच वजन दिले. अखेर एंजिने बंद पडून विमान कोसळले व ७३ माणसे दगावली. भाषा नम्र होती, परंतु ठरलेली नव्हती.

मराठवाड्यातील ज्या विद्यार्थ्यांना या क्षेत्रात जाण्याची इच्छा असते, त्यांच्या मनात इंग्रजीची धास्ती असते. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. कारण आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना व त्यांच्याशी बोलणाऱ्या नियंत्रकांना इंग्रजीची किमान चौथी पातळी गाठण्याचा दंडक २००८ पासून लागू झाला आहे. तथापि त्या पातळीचा रोख अस्खलित वक्तृत्वावर नाही. उच्चार समजण्याजोगे असावेत, ठरलेली वाक्ये नेमकी यावीत, आणि अनपेक्षित प्रसंगी साध्या शब्दांत आपली अडचण सांगता यावी, एवढीच अपेक्षा आहे. भरभर इंग्रजी बोलणे म्हणजे इंग्रजी येणे, हा जो समज महाविद्यालयांतून पसरला आहे, तो मनोऱ्यासमोर टिकत नाही. तेथे भरभर बोलणारा हा वाईट बोलणारा ठरतो.

पोच आणि पडताळा

या सर्व व्यवस्थेचा कणा म्हणजे परतवाचन. नियंत्रकाने सूचना दिली की वैमानिकाने तिचा महत्त्वाचा भाग जसाच्या तसा उच्चारून दाखवायचा. कोणत्या धावपट्टीवर जायचे, कोठे थांबायचे, उड्डाणाची वा उतरण्याची परवानगी, उंची, दिशा, वेग, रडारवरील सांकेतिक क्रमांक आणि हवेच्या दाबाचा आकडा यांना केवळ ‘रॉजर’ चालत नाही. हवेच्या दाबाच्या आकड्यावरून विमानातील उंचीमापक लावले जाते, आणि त्यात एका हेक्टोपास्कलची चूक झाली तर उंची सुमारे तीस फुटांनी चुकते. म्हणून तो आकडाही परत उच्चारावा लागतो. यानंतर नियंत्रकाचे काम सुरू होते. त्याने ते परतवाचन लक्षपूर्वक ऐकून मूळ सूचनेशी ताडून पाहायचे आणि चूक असेल तर तत्क्षणी दुरुस्त करायची. देणे, घेणे आणि ताडणे या तीन पायऱ्या पूर्ण झाल्याखेरीज संदेश पोहोचला असे मानत नाहीत. बँकेत एका कारकुनाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासून सही केल्याखेरीज ती पक्की होत नाही. त्यात पहिल्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नसते. शंका असते ती मानवी लक्षाविषयी, आणि ती रास्त असते.

या शिस्तीचा अभाव किती महाग पडतो याचे सर्वांत दारुण उदाहरण २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ येथे घडले. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे अनेक विमाने तेनेरीफच्या लहानशा विमानतळावर वळविण्यात आली होती. दाट धुक्यात के.एल.एम. कंपनीचे जंबो विमान धावपट्टीच्या एका टोकाला उभे होते आणि पॅन अ‍ॅम कंपनीचे दुसरे जंबो त्याच धावपट्टीवरून सरकत होते. के.एल.एम.ला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, प्रत्यक्ष उड्डाणाची नव्हे. परंतु मार्गाच्या परवानगीत उड्डाण हा शब्द आला होता. वैमानिकाने आपण उड्डाण करीत आहोत अशा अर्थाचे संदिग्ध वाक्य उच्चारले. नियंत्रकाने प्रथम होकारार्थी शब्द वापरला आणि मग थांबण्यास सांगितले. नेमके त्याच क्षणी पॅन अ‍ॅमचा वैमानिक आपण अजून धावपट्टीवर असल्याचे सांगत होता. दोन आवाज एकावर एक पडले आणि के.एल.एम.च्या कक्षात बव्हंशी शिट्टीच ऐकू गेली. टक्करीत ५८३ माणसे प्राणास मुकली.

या अपघातानंतर शब्दांची टांकसाळ अधिक कडक करण्यात आली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता केवळ उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना वा ती रद्द करताना उच्चारतात. इतर सर्व वेळी ‘डिपार्चर’ हा शब्द वापरतात. धावपट्टीवर येऊन उभे राहण्याची सूचना देताना थांबण्याचा शब्द स्पष्टपणे जोडलेला असतो. एका शब्दाचे हे वाटप बाहेरच्याला किरकोळ वाटेल. परंतु त्यामागे ५८३ माणसांचा मृत्यू उभा आहे. विमान वाहतुकीच्या नियमपुस्तकातील कित्येक ओळींचा इतिहास असाच आहे.

वरिष्ठांना प्रश्न कोणी विचारावा?

तेनेरीफच्या प्रसंगाला आणखी एक बाजू आहे आणि ती आपल्या समाजाला अधिक ओळखीची वाटेल. के.एल.एम.चे विमान धावू लागल्यावर त्याच्या तंत्रज्ञाने दुसरे विमान धावपट्टीवरून दूर झालेले नाही काय, अशी शंका बोलून दाखविली होती. कप्तान हा कंपनीचा अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होता. त्याने ठामपणे दूर झाल्याचे सांगितले आणि विषय संपला. शंका बरोबर होती, ती वेळेवर उच्चारली गेली होती. परंतु अधिकाराच्या वजनापुढे ती टिकली नाही.

शाळा, कचेरी, कारखाना यांपैकी कोठेही काम केलेल्या माणसाला या प्रसंगाचे विवरण करून सांगण्याची गरज नाही. साहेबांच्या कागदावरील चूक दिसली तरी ती साहेबांनाच दिसेपर्यंत वाट पाहण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे. विमान वाहतुकीने या सवयीवर शास्त्रशुद्ध उपाय केला. १९७९ नंतर वैमानिकांच्या प्रशिक्षणात सहकाऱ्याने शंका कशी मांडावी आणि कप्तानाने ती कशी ऐकावी याचे स्वतंत्र शिक्षण सुरू झाले. अमेरिकेने १९८१ मध्ये असाही नियम केला, की दहा हजार फुटांखाली असताना वैमानिकांनी उड्डाणाशी संबंध नसलेले काहीही बोलू नये. गप्पांना बंदी आणि शंकेला मुभा, असा हा दुहेरी दंडक आहे. आपल्याकडील अनेक कचेऱ्यांत नेमके याच्या उलट चालते.

शब्द बरोबर, अर्थ चुकीचा

अर्थात परतवाचन हा रामबाण उपाय आहे असे समजणेही चुकीचे ठरेल. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे जंबो व कझाकस्तानचे इल्युशिन ही विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतील सर्वच्या सर्व ३४९ माणसे ठार झाली. दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला चौदा हजार फुटांवर आणि दिल्लीकडे येणाऱ्या कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर राहण्यास सांगितले होते. नियंत्रकाने कझाक विमानाला समोरून येणाऱ्या विमानाची सूचनाही दिली होती. तरीही ते विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत त्याचा दोष कझाक वैमानिकांवर आला. तेथे नियंत्रकाशी बोलण्याचे काम एक रेडिओचालक करीत होता आणि विमान दुसरे कोणी चालवीत होते. ऐकणारे कान आणि दांडा धरणारे हात यांच्यात इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाची दरी होती. या दुर्घटनेनंतर टक्कर टाळणारे यंत्र विमानात बसविणे भारताने सक्तीचे केले आणि दिल्लीला येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे करण्यात आले.

अगदी अलीकडचे उदाहरण जपानचे आहे. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर भूकंपग्रस्तांसाठी सामग्री नेणारे तटरक्षक दलाचे लहान विमान उड्डाणाच्या रांगेत पहिले होते. नियंत्रकाने त्याचा क्रमांक पहिला असल्याचे सांगून धावपट्टीपूर्वीच्या ठरलेल्या रेषेपर्यंत येण्यास सांगितले. विमानातून त्याचे परतवाचन शब्दशः बरोबर झाले. परंतु ‘क्रमांक पहिला’ या शब्दांमुळे कप्तानाची समजूत अशी झाली, की धावपट्टीवर जाण्याचीच परवानगी मिळाली आहे. ते विमान रेषा ओलांडून धावपट्टीवर गेले व सुमारे चाळीस सेकंद तेथे उभे राहिले. तोवर उतरणारे जपान एअरलाइन्सचे मोठे विमान त्यावर आदळले. मोठ्या विमानातील सर्व ३७९ माणसे बाहेर पडून वाचली; तटरक्षक दलाच्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. धावपट्टी अडलेली असल्याचा इशारा नियंत्रकांसमोरच्या पडद्यावर उमटला होता, परंतु तो कोणाच्या लक्षात आला नाही.

मुंबईने १९७२ मध्ये याच प्रकारचा धडा वेगळ्या रीतीने शिकविला होता. त्या वर्षी २४ सप्टेंबर रोजी जपान एअरलाइन्सचे डी.सी. ८ विमान सांताक्रूझऐवजी जवळच्या जुहू विमानतळाच्या तोकड्या धावपट्टीवर उतरले आणि तिच्या पलीकडे गेले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही, परंतु विमान कायमचे निकामी झाले. कानांनी ऐकलेले डोळ्यांनी पडताळले पाहिजे, धावपट्टीची दिशा होकायंत्राशी जुळवून पाहिली पाहिजे, आणि धावपट्टीत शिरताना दोन्ही बाजूंना पाहिले पाहिजे, हे नियम म्हणूनच परतवाचनाच्या जोडीला असतात. रेडिओ पूर्णपणे बंद पडला तर मनोऱ्यातून रंगीत प्रकाशाचे झोत टाकून खुणा करण्याची जुनी पद्धतही आजवर राखून ठेवलेली आहे. उतरू पाहणाऱ्या विमानाला स्थिर हिरवा झोत म्हणजे उतरण्यास मुभा, स्थिर लाल म्हणजे इतरांना वाट देऊन घिरट्या घालाव्यात, आणि उघडझाप करणारा लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नये.

ज्यांच्या हाती रेडिओ नाही

येथवर विचार झाला तो ज्यांच्या हाती रेडिओ आहे अशांचा. धावपट्टीवर वावरणाऱ्या वाहनांनाही मनोऱ्याची परवानगी लागते आणि त्यांच्या चालकांनाही परतवाचन करावे लागते. ही शिस्त सुटली की काय होते ते १५ फेब्रुवारी २०२० रोजी पुण्याला दिसले. दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान वेगाने धावत असताना पुढे जीप व एक माणूस दिसल्यामुळे वैमानिकाला ते नेहमीपेक्षा लवकर उचलावे लागले. विमानाच्या मागील भागाला इजा झाली, परंतु ते दिल्लीला सुखरूप उतरले. ८ जून २०२४ रोजी मुंबईत एक विमान धावपट्टीवरून उडत असतानाच दुसरे त्याच धावपट्टीवर उतरले. तेथेही प्राणहानी झाली नाही. संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला करून चौकशी सुरू करण्यात आली. गर्दीच्या विमानतळांवर काही सेकंदांचे अंतर किती मोलाचे असते, याची ही जाणीव होती.

परंतु औरंगाबादचा १९९३ चा ट्रक या सर्वांहून वेगळा आहे. तो कोणताही नियम मोडीत नव्हता. रस्ता सर्वांसाठी होता आणि कापसाच्या गाठी नेणे हा मराठवाड्यातला नित्याचा व्यवहार होता. त्या रस्त्याने जाणाऱ्याला आपण एका उड्डाणाच्या वाटेवर आहोत हे समजण्याची सोय करून देणे हे व्यवस्थेचे काम होते. रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. जेथे फाटक सिग्नलशी जोडलेले नाही तेथे स्टेशनमास्तर फाटकवाल्याला गाडीची सूचना दूरध्वनीवरून देतो. फाटकवाला फाटक लावून एक गुप्त क्रमांक कळवितो आणि तो क्रमांक दोघेही वहीत नोंदवितात. त्यानंतरच गाडीला मोकळीक मिळते. बैलगाडीवाल्याला सिग्नलचे शास्त्र माहीत असावे अशी अपेक्षा रेल्वेने कधी केली नाही. ज्याच्याशी बोलता येत नाही त्याच्यासमोर फाटक लावावे, हा साधा विचार तिने केला. बीड रस्त्यावर नेमकी हीच कडी निसटली.

वैमानिकाने नाक वेळेवर उचलले असते तर विमान ट्रकच्या वरून निघून गेले असते, आणि रस्ता त्या क्षणी रिकामा असता तर वैमानिकाची चूक कदाचित कोणाला कळलीही नसती. एकाची चूक दुसऱ्याच्या दक्षतेने झाकली जावी यासाठीच पडताळ्याच्या पायऱ्या असतात. त्या दिवशी दोन्ही पायऱ्या एकदम ढळल्या. म्हणून केवळ वैमानिकाला दोष देऊन मोकळे होणे म्हणजे त्या चौकशीचा अर्धाच निष्कर्ष वाचण्यासारखे आहे.

न झालेल्या अपघाताचा हिशेब

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर अशा दक्षतेचा खर्च ठळकपणे दिसतो आणि तिचा लाभ अदृश्य असतो. फाटकापाशी पाच मिनिटे थांबलेल्या शंभर वाहनांचा खोळंबा कोणालाही मोजता येतो. त्या पाच मिनिटांत न झालेल्या अपघाताची नोंद मात्र कोणत्याही खातेवहीत होत नाही. खोळंबा आज होतो, लाभ अनिश्चित भविष्यात असतो. खोळंबा स्थानिक माणसाच्या वाट्याला येतो आणि लाभ बहुधा परगावच्या प्रवाशाला होतो. या विषमतेमुळे रस्त्याच्या, बांधकामाच्या वा कचऱ्याच्या प्रश्नावर विमानतळाची बाजू घेणारा स्थानिक माणूस सहसा सापडत नाही. बाजाराच्या नियमाने ही त्रुटी भरून निघत नाही. ती सार्वजनिक नियमनानेच भरावी लागते.

असे नियमन कागदावर नाही असे नाही. विमानतळाभोवतालच्या बांधकामांच्या उंचीवर बंधने आहेत. विमान नियम, १९३७ मधील ९१ व्या नियमानुसार विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील अशा रीतीने जनावरे कापण्यास वा कचरा टाकण्यास मनाई आहे. धावपट्टीच्या टोकापलीकडे किमान नव्वद आणि शक्यतो दोनशे चाळीस मीटर सुरक्षित मोकळी जागा असावी, असे आंतरराष्ट्रीय संकेत सांगतात. यांतील प्रत्येक नियम मनोऱ्याच्या आवाजाच्या कक्षेबाहेरच्या माणसासाठी आहे. वैमानिक तो पाळू शकत नाही. तो नगरपालिकेने, नियोजन करणाऱ्यांनी आणि नागरिकांनी पाळावयाचा असतो.

चिकलठाण्याची धावपट्टी वाढविण्याचा आणि त्यासाठी भोवतालची जमीन घेण्याचा विषय गेली अनेक वर्षे या शहरात चर्चिला जात आहे. त्या चर्चेत मोठी विमाने, अजिंठा-वेरूळचे पर्यटक, उद्योगांची वाढ आणि जमिनीचा मोबदला हे मुद्दे येतात व ते यावेतही. जमीन देणाऱ्याला वाजवी किंमत मिळालीच पाहिजे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु लांब धावपट्टी म्हणजे आपोआप सुरक्षित धावपट्टी असे समीकरण मांडता येत नाही. धावपट्टीचे टोक जेथे सरकेल तेथे कोणता रस्ता असेल, त्यावरील वाहतूक वळवावयाची की थांबवावयाची, थांबवावयाची तर फाटक कोणाच्या ताब्यात आणि त्याचा मनोऱ्याशी संबंध कसा, या प्रश्नांची उत्तरे आराखड्यातच लिहिलेली असली पाहिजेत. विमानतळ, महानगरपालिका, पोलीस आणि रस्त्याचे खाते यांपैकी प्रत्येकाने आपापली जबाबदारी उच्चारून दाखवावी आणि दुसऱ्याने ती ताडून पाहावी. परतवाचनाची जी शिस्त वैमानिकाकडून क्षणाक्षणाला अपेक्षिली जाते, ती या चार कचेऱ्यांकडून वर्षातून एकदा अपेक्षिणे अवाजवी नाही.

महाविद्यालयांतून शिकणाऱ्या तरुणांपैकी काही उद्या मनोऱ्यात बसतील, काही विमाने चालवतील. बहुसंख्य मात्र कुंपणाबाहेर राहतील. बाहेर राहणाऱ्यांना रेडिओ मिळणार नाही. त्यांच्यापर्यंत नियमच पोहोचावा लागेल, आणि तो पोहोचला की नाही हे विचारण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला पाहिजे. ५५ मृत्यूंनंतर नोंदल्या गेलेल्या त्या दुसऱ्या कारणाची पोच या शहराने अद्याप द्यावयाची आहे.